प्रश्नांना जागा देणारी खोली

१८९९ साली शिकागोमध्ये जॉन ड्यूई यांनी पालकांसमोर काही व्याख्यानं दिली. शिकागो विद्यापीठाला जोडून त्यांनी १८९६ साली एक प्रयोगशील शाळा सुरू केली होती आणि तिथे नेमकं काय चालतं हे त्यांना लोकांना समजावून सांगायचं होतं. ही व्याख्यानं पुढे ‘द स्कूल अँड सोसायटी’ या पुस्तकात आली. त्यात शाळेच्या इमारतीचा एक आराखडा आहे. तळमजल्याच्या चार कोपऱ्यांत सुतारकामाची खोली, कापडकामाची खोली, स्वयंपाकघर आणि जेवणघर, आणि या चारही खोल्यांच्या मधोमध ग्रंथालय. मुलं हाताने काही करतात, करताना अडतात, आणि अडलेला प्रश्न घेऊन मधल्या खोलीत येतात, अशी त्यामागची कल्पना. ड्यूई यांच्या शाळेत अंडं शिजवण्याचा धडाही कृती सांगून उरकला जात नसे. पाणी किती तापलं की पांढऱ्या बलकाचं काय होतं, हे मुलं स्वतः करून बघत.

हेच ड्यूई पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांच्या विचारांवर त्यांचा खोल ठसा उमटला. ड्यूई यांचं नाव महाराष्ट्राला परकं नाही ते यामुळे. त्यांच्या त्या आराखड्याची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. शाळेच्या नकाशात ग्रंथालय कुठे असावं, हा प्रश्न बहुतेक वेळा जागेचा समजला गेला. खोली उरली तर ग्रंथालय, नाही तर मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट.

शाळेच्या ग्रंथालयात मुलाने आपला प्रश्न घेऊन यावं, तो प्रश्न तिथे घासूनपुसून नेमका करावा, पुस्तकं, माणसं, नोंदी आणि संकेतस्थळं धुंडाळावीत, हाती आलेलं एकमेकांशी ताडून पाहावं आणि त्यातून स्वतःची समज बांधून ती इतरांपुढे मांडावी, अशा शिकण्याची ओळख हा लेख करून देतो. जगात अनेक ठिकाणी गेली चाळीस-पन्नास वर्षं त्यावर गंभीरपणे काम झालं आहे. ज्ञानरचनावाद हा शब्द महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी प्रशिक्षणांमध्ये पुष्कळ ऐकला आहे. मूल ज्ञान स्वतः रचतं हे तत्त्व एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो: रचायला सामान कुठून आणायचं, आणि ते निवडताना सोबत कोण असणार? ग्रंथालयाचा विचार इथून सुरू होतो.

‘प्रकल्प’ आपल्या शाळांतही आहेत. ‘पाणी’, ‘वाहतुकीची साधनं’, ‘थोर शास्त्रज्ञ’ असा विषय दिला जातो, स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते येतात, ते कापून वहीत चिकटतात, पुस्तकातला किंवा इंटरनेटवरचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरतो आणि गुण मिळतात. यात मुलाचा दोष नाही. ‘पाणी’ हा विषय आहे, प्रश्न नाही. विषयावर माहिती गोळा करता येते, पण गोळा करण्यात कुठेही थांबून विचार करावा लागत नाही. ‘आमच्या गावच्या विहिरींना पूर्वी मे महिन्यातही पाणी असायचं, आता मार्चमध्येच त्या का आटतात?’ असं विचारलं की तयार तक्ता उपयोगी पडत नाही. आजोबांना विचारावं लागतं, पावसाच्या नोंदी पाहाव्या लागतात, भूजलाबद्दल वाचावं लागतं, आणि दोन ठिकाणी दोन वेगळी कारणं सापडली तर कोणतं पटतं ते ठरवावं लागतं.

विषयापासून प्रश्नापर्यंतच्या या वाटेवर मुलाचं काय होतं, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास कॅरल कुलथाऊ यांनी केला. त्या न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल होत्या. ग्रंथालय कसं वापरायचं हे मुलांना नीट शिकवूनही नवं काम मिळालं की हुशार मुलंसुद्धा गोंधळलेल्या चेहऱ्याने येऊन उभी राहतात, हे त्या वर्षानुवर्षं पाहत होत्या. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रटगर्स विद्यापीठातल्या पीएचडीसाठी त्यांनी याच प्रसंगाचा अभ्यास करायचं ठरवलं. हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना शोधनिबंध लिहिताना रोजनिशी ठेवायला सांगितली, मुलाखती घेतल्या, शोधाचा प्रवास कागदावर काढायला लावला. मुलं काय करतात यासोबत त्यांना त्या वेळी काय वाटतं हेही त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या कामाचं वेगळेपण यात आहे.

त्यांना दिसलेला क्रम असा होता. काम मिळाल्यावर मूल अस्वस्थ असतं. विषय निवडला की हुरूप येतो. मग वाचन सुरू होतं, आणि इथे हुरूप मावळतो. एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरंच. शब्द अनोळखी, तपशील एकमेकांशी न जुळणारे. ‘आपल्याला हे जमणार नाही’, ‘बाकी सगळ्यांना कळलंय, मलाच कळत नाहीये’ अशी भावना याच टप्प्यावर सर्वांत दाट होते. त्यातून तरून गेलेल्या मुलाला कधीतरी आपला मुद्दा सापडतो, आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे ते उमगतं. तिथून पुढे आत्मविश्वास वाढत जातो, माहिती गोळा करण्याला दिशा येते, आणि शेवटी मांडणी होते.

म्हणजे मधला गोंधळ हा शिकण्याचाच भाग आहे. तो आळसाचं किंवा बुद्धी कमी असल्याचं लक्षण नव्हे. कुलथाऊ यांनी हे अनिश्चिततेचं तत्त्व म्हणून मांडलं. त्याचा शाळेसाठीचा अर्थ सरळ आहे. आपली व्यवस्था मुलाला पहिल्या टप्प्यावर भेटते, विषय देते, आणि मग थेट शेवटच्या टप्प्यावर भेटून वही तपासते. मधल्या काळात, जिथे माणसाची सर्वाधिक गरज असते, तिथे मूल एकटं असतं. एकटं पडलेलं मूल समोर दिसेल ते उतरवून काढतं. नक्कल ही पुष्कळदा या एकटेपणातून येते, आणि तिच्यावर नुसत्या शिक्षेने किंवा नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने इलाज होत नाही.

कुलथाऊ यांनी पुढे लेस्ली मॅनिओटस आणि अ‍ॅन कॅस्परी यांच्यासोबत या निष्कर्षांवरून शिकवण्याची पद्धत बांधली. २००७ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. त्या पद्धतीत विषयाचे शिक्षक आणि ग्रंथपाल मिळून काम आखतात. सुरुवातीला कुतूहल जागं करायला आणि विषयात मुरायला भरपूर वेळ ठेवतात. प्रश्न ठरवण्याची घाई करत नाहीत. मुलं छोट्या गटांत बसून आपल्या शोधाबद्दल बोलतात आणि रोजनिशी लिहितात. माहितीच्या टिपणांना घाईने हात घालू दिला जात नाही, कारण प्रश्न पक्का होण्याआधी काढलेली टिपणं ही बहुधा नुसती उतरवलेली वाक्यं असतात. हा एक नियम जरी आपल्या शिक्षकांनी उचलला तरी प्रकल्पांच्या वह्या वेगळ्या दिसू लागतील.

स्वीडनमधल्या लुईस लिंबेरी यांनी या विचारात एक महत्त्वाची भर घातली. स्वीडन १९९५ साली युरोपीय संघात गेला. त्याआधी देशभर वाद पेटलेला असताना हायस्कूलच्या २५ विद्यार्थ्यांनी या सदस्यत्वाचे परिणाम काय होतील यावर अभ्यास केला. लिंबेरी यांनी त्यांचा मागोवा घेतला आणि १९९८ मध्ये प्रबंध मांडला. त्यांना तीन प्रकारची मुलं दिसली. काहींना वाटत होतं की कुठेतरी बरोबर उत्तर आहे आणि ते सापडलं की काम संपलं. असं उत्तर मिळेना तेव्हा ती वैतागली, आणि विषयाबद्दल त्यांना फार थोडं कळलं. दुसऱ्या गटाने बाजूच्या आणि विरोधातल्या मुद्द्यांची वजनं करून योग्य बाजू निवडायचा प्रयत्न केला. तिसरा गट हे कोण म्हणतंय, का म्हणतंय, त्यामागे कोणतं मूल्य आहे, याची चिकित्सा करत गेला. विषय सर्वांत खोल समजला तो या तिसऱ्या गटाला. पुस्तकं तीच, वेळ तेवढाच. शोध म्हणजे काय याबद्दलची मुलाची धारणाच त्याच्या हाती काय लागेल ते ठरवते, हा लिंबेरी यांचा निष्कर्ष शिक्षकाने मनात कोरून ठेवावा असा आहे. ‘उत्तर शोधून आण’ असं सांगणारा शिक्षक नकळत मुलांना पहिल्या गटात ढकलत असतो.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. नवशिक्याला कमीत कमी मार्गदर्शन देऊन मोकळं सोडलं तर त्याच्या कार्यस्मृतीवर, म्हणजे एका वेळी मनात धरून वापरायच्या माहितीवर, ताण येतो आणि तो कमी शिकतो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की चांगल्या शोधशिक्षणात आधार भरपूर असतो, आणि विनामार्गदर्शन शोध ही वेगळी गोष्ट आहे. वाद अजून मिटलेला नाही. ग्रंथालयाच्या बाजूने पाहिलं तर आक्षेपकांचं म्हणणं उपकारकच ठरतं. ‘मुलांना इंटरनेट द्या, ती आपोआप शिकतील’ या भाबड्या समजुतीला त्यांनी जागेवर रोखलं. मुलाला मोकळं सोडणं आणि सोबत चालणं यांतलं अंतर मोठं आहे, आणि सोबत चालायला तयारीचं माणूस लागतं.

असं माणूस असलं तर काय होतं? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रॉस टॉड आणि कुलथाऊ यांनी २००३-०४ च्या सुमारास ३९ शाळांतल्या १३,१२३ विद्यार्थ्यांना विचारलं की ग्रंथालयाने तुम्हाला शिकायला मदत केली का, आणि कशी. ९९ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदत झाल्याचं सांगितलं. हा आकडा सावधपणे वाचायला हवा. निवडलेल्या शाळांची ग्रंथालयं आधीच चांगली चाललेली होती, आणि उत्तरं मुलांनी स्वतःबद्दल दिलेली होती. तरी चांगलं ग्रंथालय मुलांच्या नजरेत काय असतं हे त्यातून कळतं. हाँगकाँगमध्ये सॅम्युएल चू यांच्या गटाने प्राथमिक चौथीच्या मुलांसोबत असाच प्रयोग केला. सामान्य अध्ययन, चिनी भाषा आणि संगणक यांचे शिक्षक आणि ग्रंथपाल अशा चौघांनी मिळून मुलांचे प्रकल्प चालवले. एकाने शोधाची दिशा पाहिली, दुसऱ्याने लेखन, तिसऱ्याने तंत्र, चौथ्याने वाचन आणि संदर्भ. मुलांचं वाचन आणि लेखन दोन्ही सुधारल्याचं त्यांना आढळलं. या रचनेतली शिकण्याजोगी गोष्ट वेळापत्रकात आहे. चार माणसं एका कामासाठी एकत्र बसतील असा वेळ शाळेने राखून ठेवला.

जपानची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटावी. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा नव्याने उभ्या करताना जपानने १९५३ मध्ये शालेय ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे आणि त्यासाठी ग्रंथपाल-शिक्षक नेमला पाहिजे, असं कायद्याने सांगितलं. त्याला एक पुरवणी तरतूद जोडलेली होती, की तूर्तास हा शिक्षक नेमला नाही तरी चालेल. हे ‘तूर्तास’ चार दशकांहून जास्त टिकलं. खोल्या होत्या, पुस्तकं होती, त्यांची काळजी घेणारं पक्कं माणूस नव्हतं. १९९७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि बारा किंवा त्याहून अधिक वर्ग असलेल्या शाळांना २००३ पासून ग्रंथपाल-शिक्षक नेमणं बंधनकारक झालं. पण या शिक्षकाकडे बहुधा आपला वर्गही असतो, त्यामुळे ग्रंथालयात बसायला वेळ मिळत नाही. म्हणून २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती करून शालेय ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याचं स्थानही कायद्यात आणावं लागलं.

१९९७ च्या दुरुस्तीनंतरच्याच काळात जपानी अभ्यासक्रमात एकात्मिक अध्ययनाचा तास आला. त्यात ठरीव पाठ्यपुस्तक नव्हतं. मुलांनी आपल्या परिसरातले आणि जगण्यातले प्रश्न घेऊन शोध घ्यायचा होता. १९९७ मध्ये ग्रंथालय वापरून केलेल्या शोधकामाची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली. पहिली-दुसरीतल्या मुलांपासून प्रौढांपर्यंत कुणीही तिच्यात भाग घेऊ शकतं, पालक आणि मूल मिळूनही. कोणती पुस्तकं पाहिली आणि कोणत्या ग्रंथालयात पाहिली, याची यादी कामाला जोडावी लागते. आता दरवर्षी एक लाखाहून अधिक प्रवेशिका येतात. सहा-सात वर्षांच्या मुलालाही ‘तुला हे कुठून कळलं?’ असं विचारलं जातं, आणि ते मूल पुस्तकाचं नाव सांगतं. माहितीला पत्ता असतो हे इतक्या लहान वयात अंगवळणी पडणं ही फार मोठी कमाई आहे.

या सवयीची किंमत आज अधिक कळते. १९९८ पासून इंटरनेटवर झाडावर राहणाऱ्या एका ऑक्टोपसची माहिती देणारं एक संकेतस्थळ आहे. चित्रं, अधिवास, तो नामशेष होण्याचा धोका, सगळं तपशीलवार आणि सगळं खोटं. कनेक्टिकट विद्यापीठातल्या डोनाल्ड ल्यू यांच्या गटाने सातवीच्या, वाचनात पुढे असलेल्या मुलांना ते दाखवलं, तेव्हा बहुतेकांनी ते खरं मानलं. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने ३,४४६ हायस्कूल विद्यार्थ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा दावा करणारी एक निनावी चित्रफीत मुलांना दाखवली होती आणि इंटरनेट वापरायची मुभा होती. चित्रफीत मुळात रशियातली होती. ती तिथली आहे हे शोधून काढणारी मुलं तीन हजारांहून अधिक जणांत अवघी तीन निघाली. ही मुलं फोन सराईतपणे वापरणारी होती. बोटं वेगाने चालतात म्हणून पारख येते असं नाही. आता तर प्रश्न टाइप केला की यंत्र सफाईदार परिच्छेद लिहून देतं, आणि तो परिच्छेद कुठून आला याचा पत्ता अनेकदा नसतो. कुलथाऊ यांनी दाखवलेला मधला, अवघड टप्पा अशा वेळी मुलाच्या वाट्यालाच येत नाही. तो आला नाही तर समजही बांधली जात नाही.

भारतात हा विचार अजिबात रुजला नाही असं नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ उच्च प्राथमिक शाळांत करून पाहण्यातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा त्याला हातभार होता. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे काम करायला गेले. त्यांची खेळण्यांची आणि टाकाऊतून विज्ञानाची वाट तिथूनच फुटली, आणि पुढे त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं, मराठीसुद्धा, मोफत उपलब्ध झाली. होशंगाबादच्या परीक्षेत मुलांना पुस्तक उघडून बसायची परवानगी होती. पाठ किती झालं हे पाहायचं नव्हतं, प्रश्नाला भिडता येतं का हे पाहायचं होतं. आणि तिथे ‘सवालीराम’ होता. मुलांनी मनातला कुठलाही प्रश्न पत्रात लिहून सवालीरामला पाठवायचा आणि त्याचं उत्तर यायचं. गावोगावची मुलं त्याला पत्रं लिहीत. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो सुमारे एक हजार शाळांत पोहोचलेला होता. तो बंद होणं ही आपल्या शिक्षणातली मोठी हानी आहे. गोव्यात पणजीच्या ‘बुकवर्म’ या संस्थेने २००५ पासून उभं केलेलं काम हे त्यामानाने आशादायक उदाहरण. तिथली माणसं शाळांमध्ये जाऊन ग्रंथालयाचे तास घेतात, आणि पुस्तकांची देवघेव संपल्यावरच त्यांचं खरं काम सुरू होतं: वाचलेल्यावर बोलणं, विचारणं, पुढचं पुस्तक शोधणं.

कायदा आपल्याकडेही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ शिक्षक सांगितले आहेत. ग्रंथालय सांभाळणाऱ्या माणसाचा उल्लेख त्यात नाही. समग्र शिक्षा योजनेतून २०१८ पासून शाळांना पुस्तकांसाठी दरवर्षी अनुदान मिळतं. पुस्तकं येतात, नोंदवहीत चढतात, कपाटात जातात. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेतल्या ग्रंथपालाचं पद पटसंख्येशी बांधलेलं आहे. कित्येक शाळांत ते अर्धवेळ आहे, आणि लहान गावांतल्या शाळांना तेही मिळत नाही. जपानचं ‘तूर्तास’ जिथे होतं, तिथे आपण आज आहोत.

सगळ्या शाळांत पूर्णवेळ ग्रंथपाल येईपर्यंत थांबायचं कारण नाही. एक शिक्षक, आठवड्यातल्या सलग दोन तासिका, उघडं कपाट आणि मुलांनी स्वतः विचारलेला एक प्रश्न, एवढ्यावर सुरुवात होते. पण ती टिकायची तर माणूस लागेलच, आणि तो मागावा लागेल. सरकारी आणि अनुदानित शाळांत पालकांचं बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती असते. वाचकांपैकी जे तिथे बसतात, त्यांनी पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात: पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, मुलांसाठी ते आठवड्यातून किती वेळ उघडं असतं, आणि त्या वेळात मुलांसोबत कोण बसतं. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि त्यानंतरच्या बैठकीत पुन्हा विचारावीत.